अहवाल सेव्ह होत नाही

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून फोन आला, तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या लेखी ते दहा मिनिटांचं काम होतं. बावीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर सांभाळण्यात गेली होती. असल्या तक्रारी त्याच्या हातचा मळ.

केमिस्ट बाई खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. डोळे तांबारलेले.

“सकाळपासून डोकं फोडतेय. उत्तरेच्या टाकीचा अहवाल सेव्हच होत नाही. म्हणतोय, या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. कालपर्यंत होती!”

“कॉम्प्युटर म्हणजे रुसलेला जावई, बाई. बघू काय हवंय त्याला.”

डिस्क भरली असेल म्हणून पाहिलं, तर निम्मी मोकळी. फोल्डरवरची ‘फक्त वाचा’ची खूण काढली, अँटिव्हायरस थांबवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्याने अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून परवानग्यांची यादी आणि बदलांची नोंद उघडली, आणि त्याचा हात माउसवरच थबकला.

सगळ्यांना लिहायची मुभा होती. एकट्या बाईंच्या नावापुढे ‘मनाई’च्या चौकटीत खूण होती.

“हे आपोआप होत नाही,” तो हळूच म्हणाला. “कुणीतरी बसून केलंय. काल संध्याकाळी, तुमच्या साहेबांच्या लॉगिनवरून.”

त्याने फायलींची यादी खाली सरकवली. उत्तरेच्या टाकीचा आजचा अहवाल तिथे आधीच होता. उद्याचाही. परवाचाही. थेट महिनाअखेरपर्यंत. प्रत्येकाखाली बाईंचं नाव, आणि शेरा एकच: पिण्यास योग्य.

“योग्य?” बाईंचा आवाज चिरकला. “अहो, सांडपाणी मिसळतंय त्यात! काल साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, घाई करू नका.”

त्याची थोरली बहीण त्याच टाकीचं पाणी भरायची. भाची परवापासून सलाइनवर होती. बाहेरचं अरबट-चरबट खाल्लं म्हणून सगळ्यांनी तिलाच बोल लावला होता.

“लागला का शोध?”

साहेब दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. आवाज लोण्यासारखा मऊ.

“अवघड असेल तर राहू द्या. बाईंना मी दुसरं काम देतोय.”

“झालंच, साहेब.” त्याने ती ‘मनाई’ची खूण काढली. “बाई, दाबा.”

बाईंनी बटण दाबलं. फाइल सेव्ह झाली. केमिस्टने आपल्या लॉगिनवरून सेव्ह केलेला अहवाल त्याच क्षणी आरोग्य खात्याकडे जातो, हे तिघांनाही ठाऊक होतं. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली आणि काही न बोलता निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुपारी टाकी बंद झाली. आठवड्याने भाची हिंडूफिरू लागली. बाईंची मात्र बदली झाली. कुठे, ते कुणी सांगेना, आणि त्यांचा फोन लागेना.

महिन्याभराने प्रिंटर अडला म्हणून त्याला पुन्हा बोलावणं आलं. उत्तरेची टाकी पुन्हा सुरू झाली होती आणि बाईंच्या जागी नवा, हसतमुख केमिस्ट होता.

“बाकी काही अडचण?” दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“छे हो! इथे मजा आहे. अहवाल मी यायच्या आधीच तयार असतात.”

प्रिंटर तसाच टाकून तो बाहेर आला आणि जिन्यातच त्याने बहिणीला फोन लावला.

“ताई, हातातलं पाणी आधी ओतून दे.”

“अरे, झालं काय?”

“सांगतो. आधी ओत.”