शेवटच्या तासाची खुर्ची

तुरुंगाच्या दवाखान्यात बाई विचार करायला शिकवत. चेष्टा नव्हे, खरोखरच. मनाच्या आजारात हातून गुन्हा घडलेल्यांसाठी चोवीस तासिकांचा वर्ग होता आणि प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड: थांबा. शेजारच्याला विचारा. मग ठरवा. आपल्याला ऐकू आलं ते शेजारच्याला आलं नसेल, तर सोडून द्यायचं. एवढं साधं शहाणपण बाहेरच्या लोकांनाही कोणी शिकवायला हवं होतं!

वर्गातल्या सुताराचा आज शेवटचा तास. सहा वर्षांपूर्वी भिंतीपलीकडे थोरला भाऊ आपल्याला मारायचे बेत करतोय, असं त्याला ऐकू आलं आणि त्याने पटाशी उचलली. दमेकरी भाऊ तेव्हा गाढ झोपलेला होता; तो पुन्हा उठलाच नाही. आज बाईंनी अहवालावर सही केली की सोमवारी सुतार बहिणीकडे जाणार होता. तिने मागची खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती.

शेवटच्या तासाची रीत ठरलेली. ज्याचं वाईट केलं त्याच्यासाठी रिकामी खुर्ची मांडायची आणि तिच्याशी बोलायचं.

"दादा, मी आधी कुणाला तरी विचारायला हवं होतं रे," सुतार म्हणाला. बाईंना भरून आलं.

तेवढ्यात खुर्चीतून कोणीतरी खोकलं.

सुताराने निमूटपणे कार्ड काढलं. "बाई, खोकला ऐकलात?"

बाईंनी ऐकला होता. ओला, दम्याचा खोकला. पण हो म्हटलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडणार, हा गडी पुन्हा भिंतींना कान लावून बसणार.

"नाही," त्या म्हणाल्या आणि नजर कागदावर ठेवून सही करून टाकली.

"मग सोडून दिला."

खोकला पुन्हा आला, या वेळी लांबलचक. खोलीत विचारायला दुसरं होतं कोण?

"तुम्हाला... आत्ता काही ऐकू आलं?"

सुताराने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. मग त्यानेही नजर त्या सहीवर ठेवली. "नाही, बाई."

त्याने आपलं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. "हे तुम्हालाच राहू द्या." तो दाराकडे निघाला. खुर्चीपाशी आल्यावर मात्र, तिथे कोणी पाय पसरून बसलं असावं, तसा बेताने वळसा घालून गेला.

बाई कार्ड मुठीत घट्ट धरून उठल्या आणि त्यांनीही तेवढाच वळसा घातला.