कावळ्याचा पाय

पक्षीवाले सर भिंगातून चित्रातल्या सुतार पक्ष्याच्या पायाकडे बघत होते, आणि शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या ट्रेसरबाई सरांच्या तोंडाकडे. वनखात्याच्या दालनात चाळीस जलरंगी चित्रं टाचलेली होती. घुबड, साळिंदर, रानससा, आणि प्रत्येकाखाली मोठ्या साहेबांची शाईतली लफ्फेदार सही.

साहेबांना ब्रश कुठल्या बाजूने धरतात, तेवढं माहीत होतं. चित्रं सगळी बाईंची. ऑफिसात नकाशे गिरवून झाले की त्या पाणवठ्यावर जाऊन बसत. अठरा वर्षं बसल्या. ती चित्रं साहेबांनी "बघतो जरा" म्हणून नेली आणि सही ठोकून प्रदर्शन जाहीर केलं. आयत्या बिळावर नागोबा. वर म्हणाले, "खात्याचं काम आहे हो, बाई. नावात काय ठेवलंय?"

प्रदर्शनासाठी राहिलेलं चाळिसावं चित्र बाईंनी मन लावून काढलं. सुतार पक्ष्याची दोन बोटं पुढे असतात, दोन मागे. उभ्या खोडाला तो धरतो तो त्यांच्याच जोरावर. बाईंनी काढली तीन पुढे, एक मागे, कावळ्याची असतात तशी. "वा, अगदी जिवंत," म्हणत साहेबांनी सही केली. पक्षीवाल्या सरांना उद्घाटनाला बोलवायचंही बाईंनीच सुचवलं. पक्ष्यांच्या बाबतीत सर सख्ख्या भावाचीही भीड ठेवत नसत. तेव्हापासून महिनाभर बाईंना छान झोप लागत होती.

"हे कोणी काढलं?" सरांनी विचारलं.

साहेब छाती काढून पुढे झाले. "का, सर?"

"ज्याने काढलं त्याने जन्मात सुतार पाहिलेला नाही. कावळ्याचा पाय लावलाय की याला. हा झाडावर टिकणार कसा?"

लोक हसले. बाईंच्या पोटात गुदगुल्या झाल्या. साहेबांचा चेहरा उतरला, पण घटकाभरच.

"अहो, ही चित्रं आमच्या ट्रेसरबाईंनी काढलीत. माझी सही आपली खात्याचा प्रमुख म्हणून. बाई, इकडे या. काय हे? नीट बघून काढायला काय होतं?"

जे वाक्य ऐकायला बाईंचे कान आसुसले होते, ते हे असं आलं. सगळ्या माना वळल्या. हात दाखवून अवलक्षण! मुद्दाम चुकवलं म्हणावं, तर कोणाला पटणार? आणि राग साहेबांवर होता, पाय मोडला बिचाऱ्या सुताराचा. त्याची मात्र त्यांना खरोखर लाज वाटली.

त्या उठून पुढे आल्या.

"चूक माझीच, सर," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले ते खरं आहे. सगळी चित्रं माझी आहेत. बाकीची एकोणचाळीसही भिंगातून बघा."

सर घुबडाकडे वळले, मग साळिंदराकडे. एकेका चित्रापुढे बराच वेळ थांबू लागले. हसणारे त्यांच्या मागून वाकून बघू लागले.

बाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली. सुताराच्या चित्रावर, साहेबांच्या सहीच्या खाली, नकाशावर लिहितात तशा सरळ अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग पेन्सिल साहेबांपुढे धरली.

"बाकीच्यांवर तुम्ही लिहा, साहेब. तुमच्या हाताने."

साहेब पेन्सिल घेईनात. बाईंनी हात खाली केला नाही.