गुंडाळलेलं बाळ

उद्या बाळाची दुसरी लस होती, पण मागच्या वेळचा ताप आठवून सुरुची ती टाळायच्या विचारात होती. तेवढ्यात विद्यापीठातल्या प्राध्यापिका पारुळेकर लसीनंतरच्या तापाविषयीचं आपलं नवं पत्रक घेऊन घोडपदेवच्या चाळीत आल्या.

"वाचलंत? आता या शेजारच्या काकूंना समजावून सांगा. पत्रक नीट कळतं का, ते मी नुसतं ऐकते," बाई सुरुचीला म्हणाल्या.

"काकू, लसीनंतर ताप आला की बाळाला छान गुंडाळायचं."

"हे कुठे लिहिलंय?" बाईंना नवल वाटलं.

सुरुचीने चित्रातल्या दुपट्यात गुंडाळलेल्या हसऱ्या बाळावर बोट ठेवलं. खाली मात्र 'पातळ, सैल कपडे घाला' असं छापलं होतं.

"अगं बाई, चित्र मीच निवडलं!" बाईंनी त्यावर फुली मारली.

"मी तर मागे दोन दुपटी गुंडाळली होती," सुरुची म्हणाली.

"तरीच पोर एवढं किरकिरत होतं गो!" काकू म्हणाल्या.

सुरुचीने उद्यासाठी पातळ झबलं काढून ठेवलं.