कान गेलेली मावशी

"मावशी, आधी दार लावा," लाइनवाला म्हणाला. खांद्यावरची वायरची गुंडाळी त्याने अजून खाली ठेवली नव्हती.

मावशी शिवणाच्या मशीनवरून उठली.

"वरून माणसं आली होती ऑफिसात. तुमच्या इंटरनेटवर पाळत ठेवलीय. काय बोलता ते नाही कळत त्यांना. पण फोन कुठून येतो, ते आज ना उद्या शोधतीलच."

मावशीने दाराला कडीही घातली. कोठडीत मेलेल्या पोरांबद्दल लेकीने छापून आणलं, तेव्हापासून ती लपून होती. रोज संध्याकाळी इंटरनेटवरूनच तिचा फोन यायचा. जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढंच. तेवढ्यावर मावशीचा दिवस निघायचा.

"सांगा तिला, फोन करू नकोस म्हणून."

"ऐकायची नाही. माझ्यावरच गेलीय. कनेक्शनच काढून टाक."

"कारण विचारतील. मी सांगितल्याचा नुसता वास लागला, तरी माझी धडगत नाही."

"म्हातारीचे कान गेले म्हण. ऐकूच येत नाही, तर फोन कशाला?"

त्या संध्याकाळी लेक रडली, भांडली. "आई, आठवड्यातून एकदा तरी आवाज ऐकू दे गं!"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस? जिवंत राहा," म्हणत मावशीनेच फोन बंद केला. सकाळी लाइनवाल्याने वायर गुंडाळून नेली.

मग बहिरेपण निभावणं आलं. "कंबर ढगळ ठेवा हो!" गिऱ्हाइकं ओरडायची, अख्ख्या जिन्याला मापं कळायची. शेजारीण तिच्यासमोरच म्हणायची, "पोरीनं नाव घालवलं, आता कानही गेले." मावशी हसून मान डोलवायची.

एके दुपारी दोघे आले. एकाने उसवलेली बाही पुढे धरली. मावशीने हातानेच खूण केली, थांबा, हातातला पडदा होऊ दे. दुसरा तिच्या पाठीमागे गेला. कानाशी टाळी वाजवली. मावशी शिवत राहिली.

मग तो हळूच म्हणाला, "हिची पोरगी काल सापडली. प्रेतच."

मशीनचा आवाज थांबला नाही. दोघे बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग जिना उतरून गेले.

खरं होतं, की नुसती परीक्षा? विचारायचं तरी कुणाला?

पडद्याची शिवण संपली. कापड सुईखालून सुटून पलीकडे जमिनीवर घसरलं. मावशीचा पाय चालूच होता.