सुटा ठिपका

गुडगावच्या त्या नव्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला फाटकाजवळ रांगोळीनं भारताचा नकाशा काढायचं ठरलं, तेव्हा हौसाबाई आपणहून खाली उतरली. समुद्र उठला त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

तिचा राजवीर हवाई दलात, कार निकोबारला. डिसेंबरात त्सुनामीचं पाणी आलं, बेटावरून फिरून गेलं, आणि राजवीर सापडला नाही. सुनेनं, अर्पितानं, त्याच्या फोटोपुढं दिवा लावायला काडी ओढली, तर हौसाबाईनं फुंकर मारून ती विझवली. "माझं लेकरू येणाराय. जित्या माणसापुढं दिवा लावतेस व्हय?" तेव्हापासून फोटो कपाटात. सासू-सून बोलायच्या त्या कामापुरतं.

धुक्यात नकाशा भरत आला. शेजारच्या विजयालक्ष्मीनं उजव्या अंगाला, खाली, ठिपक्यांची माळ टाकली. "बस, ये रहे अंदमान-निकोबार. अब समंदर भर दो."

हौसाबाई तिथंच बसली. लहानपणी दारातल्या रांगोळीत एखादा ठिपका सुटा राहिला की आई तिला हात धरून तो जोडायला परत बसवायची. चिमटीतून पांढरी धार सोडत ती गुणगुणू लागली,

ठिपक्याला ठिपका, रेघ ओढते मी बाई
समिंदरापल्याड बाळापाशी वाट जाई

रेघ बेटाबेटातून निघाली आणि कोऱ्या फरशीवरून थेट किनाऱ्याला टेकली.

"अरे आंटीजी, पूल बना दिया?" कुणीतरी हसलं.

नात अनुष्का ओशाळून पुढं आली. "आजी, चूक आहे ते. हे मेनलँड, ते आयलँड्स. जोडायचे नसतात."

"का गं? देश एकच ना?"

"एकच. पण मध्ये समुद्र असतो ना, यार!"

"लई मोठा?"

"पप्पा सांगायचे... जहाजात बसलं की दिवसच्या दिवस नुसतं पाणीच. बाकी काहीच दिसत नाही."

आणि पोर तिथंच, सगळ्यांदेखत, हुंदके देऊ लागली. घरात ती एकदाही रडली नव्हती. आजीच्या धाकानं रडणार तरी कशी?

हौसाबाईनं नातीला कुशीत ओढलं. मग तळव्यानं ती रेघ पुसली.

"निळा रंग दे."

समुद्र तिनं एकटीनं भरला, एकही ठिपका झाकू न देता. ओवीची पहिली ओळ ओठांवर आली, दुसरी काही आली नाही. किनाऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच रंग संपला.

वर अर्पितानं दार उघडलं. सासूचे हात मनगटापर्यंत निळे.

"पोरी, फोटो काढ कपाटातनं."

फोटो मांडून अर्पितानं काडी ओढली. उघड्या दारातून वारा येत होता. हौसाबाईनं दोन्ही निळ्या तळव्यांचा आडोसा केला आणि वातीनं नीट पेट घेईपर्यंत तो काढला नाही.