नायकाचा सुगंध

जाहिरातीचं काम बघणाऱ्या साहेबांनी साबणाची वडी पेनाच्या टोकाने टेबलाच्या पार कडेला ढकलली आणि मग ते पेन खिशात न ठेवता टेबलावरच सोडून दिलं. वडी नवीकोरी होती. तिचं वेष्टनसुद्धा अजून फुटलेलं नव्हतं.

"हे काय?"

"सुगंध," लेखिका म्हणाली. "माझ्या नायकाचा. तुम्ही नमुना मागवला होता ना?"

मागवला होता, आणि सगळ्याच लेखिकांकडून मागवला होता. या प्रकाशनाच्या प्रेमकथांची ती खासियतच होती. प्रत्येक पुस्तकात एक वाचनखूण, आणि त्या खुणेला नायकाचा वास. नायक डॉक्टर असला तर चंदन, वैमानिक असला तर कसलंसं परदेशी अत्तर. लेखिका शाळेचे गणवेश शिवायची आणि भाड्याच्या वाचनालयातून ही पुस्तकं आणून वाचायची. चार जणींच्या हातून फिरून आलेल्या खुणेला कसला डोंबलाचा वास उरतोय, पण पुस्तक परत करण्याआधी ती एकदा तरी ती नाकाला लावायचीच.

यंदा प्रकाशनाने 'नवे आवाज' आणायचं ठरवलं होतं. ज्यांच्या घरात कधी कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, अशांच्या प्रेमकथा. त्यात हिची निवडली गेली. हिचा नायक तुंबलेली गटारं साफ करतो. संध्याकाळी कडुनिंबाच्या हिरव्या साबणाने आंघोळ करतो आणि शीळ घालत एका शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या खिडकीखालून जातो. हा नायक तिने कुठून आणला हे विचारायची गरज नव्हती. सकाळी तिच्या पर्समध्ये साबण टाकणारा तोच होता.

"ताई, रागावू नका हं," संपादिकाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात कायम खडीसाखर असायची. "तुमच्या पुस्तकाला खूण नको असं ठरलंय. म्हणजे, गटार आणि त्यात सुगंधाची खूण, लोक भलतीच थट्टा करतील. मला तुमचा अपमान झालेला चालायचा नाही. त्याऐवजी मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का. 'नवा आवाज'."

लेखिकेने मान डोलावली. शिक्का तर शिक्का. पुस्तक निघतंय हे काय थोडं झालं?

"आणि एक छोटंसं वाक्य मी घातलंय." बाईंनी प्रुफाचा गठ्ठा पुढे सरकवला. "बघा, आवडेल तुम्हाला."

तिने वाचलं. 'त्याच्या अंगाची दुर्गंधी आता तिला अत्तराहून प्रिय झाली होती.' तिने पुन्हा वाचलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"तुमचं मन ओळखून लिहिलंय."

"पण त्याला वास येत नाही, मॅडम. आंघोळ केल्याशिवाय भेटतच नाही तो तिला."

साहेब हसले. "अहो, वाचक काय दूधखुळे आहेत? येणारच की."

"कामावर येतो. घरी येत नाही."

यावर संपादिकाबाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. हात मऊ होता, त्याला कुठल्याशा मलमाचा गुळचट वास होता. मायेने, अगदी समजूत काढावी तशा त्या म्हणाल्या,

"येत असेल, ताई. तुम्हाला सवय झाली असेल."

लेखिकेला शिसारी आली. साहेबांचं हसणं परवडलं, पण ही माया नको. बाईंनी हात काढून घेतला, ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढली आणि बोलता बोलता तळव्यांना दोन थेंब चोळले. आपण हे करतोय याचा त्यांना पत्ताही नसावा.

"उद्यापर्यंत सही करून पाठवा. तेवढं वाक्य मात्र राहू दे, तो पुस्तकाचा आत्मा आहे. ते नसेल तर मग अवघड होईल. रांगेत दुसरं एक हस्तलिखित आहे, तुम्हाला कल्पना आहेच."

तिने प्रुफं काखोटीला मारली. साबण उचलून पर्समध्ये टाकला.

नवरा घरी आला तोच मुळी आनंदात. आल्या आल्या मोरीत गेला, नखं ब्रशने घासली, शीळ घालत आंघोळ केली आणि धुतलेला सदरा घालून चहाला बसला. हे रोजचंच होतं. लग्न झाल्यापासून तो आंघोळीआधी कधी घरात टेकला नव्हता.

"दिलास साबण?"

"दिला."

"काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले."

"घ्या! आता आपला वास दुकानात विकायला ठेवणार म्हणायचा." तो मांडीवर थाप मारून हसला. "कामावरच्या अख्ख्या टोळीला सांगून ठेवलंय मी. सगळे एकेक पुस्तक घेणार आहेत. वाचणार कोण, ते मात्र विचारू नकोस."

तीही हसली आणि कप द्यायला वाकली. रोजच्यापेक्षा जरा जास्तच वाकली असावी. तिच्या मनात काही नव्हतं, निदान तिला तसं वाटलं. नाकानेच आपण होऊन श्वास ओढला, बारीकसा, त्याच्या कॉलरपाशी.

त्याने कप घेतला नाही. नाकपुड्यांची ती हालचाल त्याच्या ओळखीची होती. बसमध्ये शेजारी बसणाऱ्यांची, बँकेच्या रांगेत मागे उभ्या राहणाऱ्यांची. कुणाला तो काय करतो हे कळलं की लगेच दिसायची. या घरात त्याने ती आजवर पाहिली नव्हती.

"येतोय का गं?"

"नाही. नाही हो, अजिबात नाही."

एकदाच म्हणाली असती तर बरं झालं असतं. तो उठला, सदरा काढून खुंटीला लावला आणि पुन्हा मोरीत गेला. दार लागलं. पाणी पडू लागलं.

ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. तिला स्वतःच्या नाकाची किळस आली. कापून टाकावं असं वाटलं. त्या ऑफिसातली घाण चपलेला लागून यावी तशी ती घरात घेऊन आली होती आणि इतकी वर्षं दारातच कामाचे बूट काढणाऱ्या माणसाच्या अंगाला तिने ती पुसली होती.

"अगं," आतून आवाज आला, "साबण संपला. नवा दे."

घरात नवा साबण एकच होता. तिने पर्स उघडली, वडीचं वेष्टन सोडवलं आणि दाराच्या फटीतून बाहेर आलेल्या ओल्या तळव्यावर वडी ठेवली. हात तसाच राहिला. साबण कुठून आला हे त्याला कळायला वेळ लागला नाही. सकाळी त्यानेच तो दिला होता.

"घेतला नाही वाटतं त्यांनी."

"नाही."

"का?"

"त्यांची नाकं सडलीत."

हात आत गेला. दार लागलं.

ती प्रुफं घेऊन बसली. ते वाक्य तिने खोडलं. मग कागद फाटेपर्यंत पुन्हा पुन्हा खोडलं. शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'त्याला वास येत नाही.' सहीची जागा कोरी ठेवली. तसं केल्यावर पुस्तक निघणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. साबणाचं हिरवं वेष्टन तिच्या हातातच होतं. तिने ते हाताने सपाट केलं, त्या पानात खूण म्हणून घातलं आणि गठ्ठ्याला शिवणाच्या दोऱ्याने गाठ मारली. उद्या कुणीतरी हे पेनाच्या टोकाने बाहेर काढील. काढू दे. हुंगू दे एकदाचं.

मग ती शीळ ऐकू यायची वाट बघत बसली. आतून नुसता ब्रशचा आवाज येत होता. हा नखांचा ब्रश नव्हता. कपडे घासायचा होता.

"पुरे आता," ती दाराशी जाऊन म्हणाली. "या बाहेर."

"आलोच," तो म्हणाला. ब्रश थांबला नाही.