पात बांधलेली चपाती

मला राग लवकर येतो. माहेरी मुरगूडला सगळे म्हणायचे, कालिंदीच्या नाकावरच राग बसलेला असतो. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि तो गिळायला शिकले. पण घरात कोंबडी शिजली की तो पुन्हा वर यायचाच.

कोंबडीच्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पळी घेऊन चुलीपुढं बसायच्या. आधी पुरुषांची पंगत. एक तंगडी मामंजींना, दुसरी आमच्या ह्यांना, छातीचं मांस धाकट्या भाऊजींना. आणि काळीज? ते मामंजींचं, त्यात कुणी बोलायचंच नाही. आम्ही बायका मागनं बसायचो तेव्हा पातेल्यात रस्सा असायचा, मान असायची, नशीब असलं तर एखादा पंख. आत्याबाई तर तेवढंही घ्यायच्या नाहीत. "मला रस्साच आवडतोय" म्हणायच्या आणि त्यात भाकरी कुस्करायच्या.

माझं जाऊ द्या हो. माझ्या धाकट्या जावेसाठी, नंदिनीसाठी माझा जीव तुटायचा. तिचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं. आपलं संस्थान विलीन झालं त्या साली तिला पुन्हा दिवस राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही. काळीज खायला घाला, मांस घाला. नाहीतर हेही मूल हाताला लागायचं नाही."

मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. "घालू की, का न्हाई घालायचं?" त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. पण पुढच्या कोंबडीला काळजाची पळी सवयीनं मामंजींच्याच ताटाकडं गेली. नंदिनी मुकाट्यानं रस्सा ओरपत बसली. ती कशाला मागतीय! मी ह्यांच्या कानावर घातलं, तर हे म्हणाले, "बायकांच्यातलं मला काय सांगतीस? आईला सांग." अहो, सांगितलंय की आईला!

अशात माझा भाऊ बंडू राहायला आला. लढाईत तो फौजेतनं इटलीला गेलता. तिथल्या गोष्टी सांगायला बसला की उठायचं नाव नाही. त्या दिवशी सांगत होता, "ताई, अमेरिकेच्या फौजेत मेक्सिको मुलखाचा एक गडी भेटला. त्यानं आमाला करून घातलं. ही एवढी मोठी चपाती. तिच्यात भात, घेवडा, कोंबडीचं मांस, कांदा, सगळं भरायचं आणि गुंडाळायचं. बुरितो म्हणत्यात. हातात धरून खायाचं. आत काय हाय ते खाणाऱ्याशिवाय कुणाला दिसत न्हाय."

मी भाकरी थापत होते, माझा हातच थांबला. कुणाला दिसत न्हाय!

"बंडू," मी म्हणाले, "ते आपण रविवारी करायचं."

पावण्याची हौस म्हटल्यावर आत्याबाई नाही म्हणाल्या नाहीत. "बघू तरी साहेबाच्या फौजेत काय खात्यात," एवढंच म्हणाल्या. मामंजींनी दोन कोंबड्या आणल्या. रेशनचा गहू मी जपून ठेवला होता, तो दळून आणला. कोंबडी कांदा-लसणाच्या चटणीत सुकी शिजवली आणि नंदिनीनं नि मी मांस हाडावरनं सोडवून हातानं कुस्करलं. पहिली चपाती जास्त भाजली, गुंडाळताना फाटली. बंडू ओरडला, "कच्चट ठेव गं, मऊ पायजे!" मग जमलं. मधोमध भात, त्यावर घेवडा, मांस, कांदा, लिंबू. दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि घट्ट वळायचं. काय सुरेख दिसायला लागल्या एकेक!

दोन्ही काळजं मी बारीक करून एकाच चपातीत भरली. ओळखू यावी म्हणून तिला कांद्याच्या हिरव्या पातीनं मधोमध गाठ मारली आणि दुरडीत तळाशी घातली. नंदिनीला कानात सांगितलं, "पात बांधलेली तुझी. गुमान खायची."

तिचे डोळे भरले. "आक्का, कळलं तर?"

"कळू दे!" मी म्हणाले. आणि दुरडीवर फडकं ओढलं.

पुरुषांची पंगत बसली. मामंजींनी हातात घेऊन उलटंपालटं बघितलं. "हे काय रं बंडू? तान्ह्या पोराला दुपट्यात गुंडाळल्यागत!" पण एक घास घेतला आणि बोलणंच बंद. धाकटे भाऊजी बोटं चाटत होते. आत्याबाई वाढत होत्या, दुरडी रिकामी होत होती, आणि माझा जीव दुरडीच्या तळाशी. शेवटी आम्हा तिघींपुरत्या तीनच उरल्या.

"आण गं अजून एक!" मामंजींची हाक आली.

आत्याबाई आत आल्या, दुरडीतलं फडकं बाजूला केलं. आणि नेमकी पात बांधलेलीच उचलली! वर म्हणतात काय, "ही देखणी झालीया बघ. त्यास्नी हीच देऊया."

आता ह्याला काय म्हणावं! वाचवायला म्हणून बांधली, तर देखणी झाली. मी पुढचा मागचा विचार केला नाही. सासूबाईंचं मनगट धरलं. माझं मलाच नवल वाटलं, पण सोडलं नाही.

"आत्याबाई, त्यात काळीज हाय. नंदिनीसाठी ठेवलंय. ती तेवढी न्हाई मिळायची कुणाला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कोपऱ्यात उभ्या नंदिनीकडं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेरनं पुन्हा हाक आली. आत्याबाईंनी चपाती अलगद दुरडीत ठेवली आणि रिकाम्या हातानं बाहेर गेल्या.

"सरलं," त्या म्हणाल्या.

"सरलं कसं? दोन कोंबड्या आणल्यात की!"

"आत हायत तेवढ्या आमाला लागत्यात. नंदीला डॉक्टरनं काळीज खायाला सांगितलंय. आजपास्नं काळीज तिचं."

मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. मग मामंजींचा आवाज आला, तेवढाच मोठा. "मग हे आधी सांगायचं का न्हाई? आमी काय राक्षस हाय व्हय? दे, ताक दे."

मला हसावं का रडावं कळेना. इतके दिवस आम्ही मरत होतो, आणि मामंजींच्या लेखी नुसतं सांगायचं होतं!

आम्ही तिघी बसलो. नंदिनीनं पातीची गाठ सोडली, चपाती मधोमध मोडली आणि अर्धी आत्याबाईंच्या ताटात ठेवली.

"छे गं, तुझं हाय ते. मला रस्साच..."

"आज रस्सा न्हाई, आत्याबाई. तुमी घास घेतल्याशिवाय मीबी न्हाई खायची."

आत्याबाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. ह्या घरात सून म्हणून आल्यापासनं त्यांनीच काळीज शिजवलं होतं, त्यांनीच वाढलं होतं. दुसरा घास त्यांनी घेतला नाही. उरलेली चपाती नंदिनीच्या ताटात परत ठेवली आणि तिच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"मऊ असतंय व्हय गं काळीज?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, चिवट असंल."